सुरतेची एक सभा आणि दोन दुर्लक्षित कादंबऱ्या

आपल्या सुरतेचा वाङ्मयीन अभिमान कादंबरीच्या बाबतीत बहुधा एकाच पुस्तकापाशी येऊन थांबतो. ते पुस्तक म्हणजे नंदशंकर तुळजाशंकर मेहता यांची ‘करण घेलो’. १८६६ साली ती प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते सुरतेचे, येथील इंग्रजी शाळेचे हेडमास्तर. गुजरातच्या शेवटच्या वाघेला राजाने आपल्या प्रधानाची, माधवाची, बायको रूपसुंदरी पळवली, सूडाने पेटलेल्या माधवाने अल्लाउद्दीन खिलजीची फौज गुजरातेत आणली आणि राज्य बुडाले, ही त्या कादंबरीची कथा. गुजराती मुलखात ती घरोघर वाचली गेली, तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, आणि १९२४ साली तिच्यावर मूकपट निघाला तो श्री. ना. पाटणकर या मराठी दिग्दर्शकाच्या हातून. २०१५ साली तिचे इंग्रजी भाषांतरही झाले. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांतही या पुस्तकाचे नाव अपरिचित नाही.

त्याच १८६६ साली सुरतेत जन्मलेल्या दुसऱ्या एका गृहस्थाचीही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘सासुवहुनी लढाई’ आणि कर्ते महीपतराम रूपराम नीलकंठ. तीत राजा नाही, लढाई आहे ती स्वयंपाकघरातली. एका घरातली सासू, तिच्या हाताखालची सून, त्यांच्यामधला रोजचा छळ आणि कटकट, असा सगळा ऐवज लेखकाच्या आजूबाजूच्या, त्याच्याच काळातल्या घरांतून उचललेला. गुजराती वाङ्मयाचे इतिहासकार तिला पहिली सामाजिक कादंबरी म्हणतात. तरीही आज सुरतेत दहा वाचणाऱ्या माणसांना विचारले तर ‘करण घेलो’ आठजणांना ठाऊक असेल आणि ‘सासुवहुनी लढाई’ एखाद्यालाच, असा आमचा अंदाज आहे. हा निवाडा आजचा नाही. त्या काळच्या वाचकांनी तो दिला आणि पुढच्यांनी तो तसाच पुढे चालवला.

मराठीतही अगदी असेच घडले. आपल्या भाषेतली पहिली सामाजिक कादंबरी त्याहून नऊ वर्षे आधीची, म्हणजे १८५७ची. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ हे तिचे नाव, आणि हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हे तिचे दुसरे शीर्षक. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ साली झाला होता. म्हणजे पुस्तक अगदी त्या घडीचे होते. यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली मुलगी नवऱ्याबरोबर महाराष्ट्रात हिंडते, गावोगावी विधवांची दैना पाहते, आणि नवरा वारल्यावर तीच दैना तिच्या स्वतःच्या वाट्याला येते. अखेरीस ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. हे पुस्तक मराठी वाचकांच्या कपाटात कधी मानाने बसले नाही. पुढे साहित्याच्या इतिहासात त्याला क्रमाने पहिली जागा मिळाली, पण प्रेमाने वाचल्या गेलेल्या पुस्तकांत नाही.

या दोन पुस्तकांची नावे आम्ही एकत्र घेतो, याला काळाच्या जवळिकीखेरीज आणखी एक कारण आहे. दोन्हींच्या मागे हात घालून पाहिले की बोटांना एकच सूत लागते, आणि त्याचे एक टोक आपल्या सुरतेत आहे.

१८४०च्या सुमारास दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले. मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघाले तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. १८४६ साली ते मुंबईस परत गेले. म्हणजे सुरतेतला त्यांचा मुक्काम पाचसहा वर्षांचा. पण तेवढ्या अवधीत त्यांनी येथे जे मित्र जोडले त्यांत दुर्गाराम मंछाराम मेहता होते. दुर्गाराम हे गुजराती शाळेचे मेहताजी, म्हणजे मास्तर. भूतपिशाच, मंत्रतंत्र, जातीची बंधने, विधवांचे हाल यांवर उघड बोलणारा निधड्या छातीचा माणूस. २२ जून १८४४ रोजी या मंडळींनी ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम मास्तर, दामोदरदास अशी पाचही जणांची नावे ‘द’ने सुरू होणारी, म्हणून लोक त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणत. त्याच वर्षी मिठावरचा कर वाढला म्हणून सुरतेत मोठी दंगल झाली. त्या दंगलीचा इतिहास आपण मुलांना सांगतो, सभेचा सांगत नाही. परमेश्वर एक, मनुष्यमात्राचा धर्म एक, आणि माणसाची थोरवी जन्मावर नव्हे तर गुणावर ठरते, असा या सभेच्या विचाराचा गाभा. ती उघड भरे, कोणीही येऊन वाद घालावा. पुढे दादोबा मुंबईस गेले, दुर्गारामांची बदली राजकोटला झाली, आणि सभा विझली. पश्चिम हिंदुस्थानात धर्म आणि समाज यांच्या सुधारणेसाठी निघालेली ही पहिली संघटित सभा होती, आणि तिच्या पायाच्या दगडांत एक दगड मराठी होता.

विझलेल्या सभेतली ठिणगी मात्र दोन दिशांना गेली. मुंबईत दादोबांच्या विचारांच्या आश्रयाने १८४९ साली परमहंस मंडळी निघाली. सुरतेतली सभा उघड होती, ही गुप्त. सभासदाने जातिभेद न मानण्याची शपथ घ्यायची आणि खूण म्हणून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, असा तिचा प्रघात होता. १८६० साली सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. या मंडळीत काही काळ वावरलेला एक बेळगावचा तरुण होता, जातीने कासार. तो बाबा पदमनजी. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी परमहंस मंडळीविषयी लिहून ठेवले आहे, आणि त्या गुप्त सभेचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या पुस्तकाचा आधार घ्यावा लागतो. दुसरी दिशा खुद्द सुरतेतली. सभा स्थापन झाली तेव्हा महीपतराम चौदा वर्षांचे होते. दुर्गाराम मेहताजींच्या छायेत वाढलेल्या पिढीतले ते एक. पुढे १८७१ साली अहमदाबादेत भोळानाथ साराभाईंनी प्रार्थनासमाज स्थापन केला त्यातही महीपतराम होते, आणि मुंबईच्या मूळ प्रार्थनासमाजाचे १८६७चे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे दादोबांचेच धाकटे बंधू.

सूत ओढूनताणून जोडू नये, हे आम्हांस मान्य आहे. पदमनजींवर मिशनच्या शाळांचा ठसा सुरतेपेक्षा कितीतरी अधिक होता, आणि ‘यमुनापर्यटन’ महीपतरामांनी वाचले होते असे आमचे म्हणणे नाही. पण वर्तमान घरातले दुःख हा गद्यकथेचा विषय होऊ शकतो, असे दोन भाषांत प्रथम ज्यांना वाटले ती दोन्ही माणसे एकाच वादविवादाच्या आवारातून आलेली असावीत, हा निव्वळ योगायोग मानणेही आम्हांला जड जाते. चालत्या रूढीला जो ‘का’ विचारतो त्यालाच चालते घर गोष्टीसारखे दिसू लागते. इतरांना ते नुसते घर दिसते.

आता वाचकांचे मत. त्या काळच्या सामान्य वाचकाने पत्रे लिहून ठेवली नाहीत. त्याचे मत कळते ते त्याने पुढे काय वाचले यावरून. ‘यमुनापर्यटना’नंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, आणि मराठी वाचक तिच्या मागे धावला. सद्गुणी नायिका, दुष्टांची कारस्थाने, संकटांमागून संकटे, शेवटी सर्व गोड. त्यानंतर अशाच पुस्तकांची रांग लागली. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ निघाली. तिच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी त्या पिढीच्या मनातली गोष्ट इतक्या सरळपणे सांगून टाकली आहे की ती वाचून हसावे की खिन्न व्हावे, कळत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आम्हां हिंदूंच्या नित्याच्या आयुष्यात मन गुंतवील असे काही घडतच नाही. आमच्या लग्नाच्या चाली अशा, आमचे गुणदोष असे, की रोज दिसते तेच लिहू गेलो तर त्यात गोडी कुठून येणार? तेव्हा लेखकाला अद्‌भुताकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्या लोकांच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काही नाही, असे एक मराठी लेखक १८६८ साली लिहितो, तेव्हा त्याच भाषेत अकरा वर्षांपूर्वी निघालेले एक पुस्तक याच आयुष्याने काठोकाठ भरलेले असते! बालविधवेचे केशवपन, तिच्यावरची नजर, तिच्या ताटातले अन्न, तीर्थक्षेत्री तिचे होणारे धिंडवडे, हे सारे त्यात होते. रिसबुडांना त्यात ‘काही घडत’ असलेले दिसले नाही. यात त्यांचा एकट्याचा दोष आम्ही मानत नाही. घरात सून रडते ही घटना आहे असे वाटायला आधी ते रडणे टळू शकते असे वाटावे लागते. जे अटळ त्याची गोष्ट होत नाही. पाऊस पडला, एवढ्याने कोणी कादंबरी लिहीत नाही.

पण ‘यमुनापर्यटन’ बाजूला पडले याचे दुसरेही कारण होते, आणि त्या वाचकांची बाजू घ्यायची तर ते टाळून चालणार नाही. पुस्तकाचा लेखक घर सोडून गेलेला होता. त्याच्या यमुनेची सुटका बाप्तिस्म्यात होती. म्हणजे वाचकाला दुःखाबरोबर त्यावरचे औषधही हातात दिले जात होते, आणि ते औषध घेणे म्हणजे बापाचे घर, कुळदैवत, जात, नातीगोती सारे सोडणे. १८५७ सालच्या ब्राह्मण किंवा प्रभू घरातल्या वाचकाने असे पुस्तक ‘मिशनऱ्यांचे’ म्हणून मिटून ठेवले, तर त्याला केवळ अरसिक म्हणता येत नाही. कथा जिथे रंगू लागते तिथे प्रवचन येऊन बसते, पात्रे बोलण्याऐवजी वाद घालतात, ही तक्रारही खरी आहे. आम्ही हे पुस्तक दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी प्रवचनाची पाने भरभर उलटली. पण विधवांच्या कहाण्या जिथे येतात तिथे लेखकाचा आवाज एकाएकी खाली येतो आणि ती पाने आजही उलटवत नाहीत. प्रचारकाच्या आत एक कान देऊन ऐकणारा माणूस होता. त्या काळच्या वाचकाने प्रचारकाला नाकारले, हे समजण्यासारखे आहे. त्याच फटक्यात त्या ऐकणाऱ्या माणसालाही त्याने दाराबाहेर ठेवले, तिथे आमचे त्याच्याशी जमत नाही.

महीपतरामांची स्थिती तर अधिक विचार करण्याजोगी आहे, कारण त्यांनी धर्म बदलला नव्हता. ते वडनगरा नागर. १८६० साली शिक्षणखात्याच्या कामासाठी ते विलायतेस गेले आणि परत आले तेव्हा ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. समुद्र ओलांडल्याचा हा दंड त्यांनी आणि त्यांच्या पत्नी पार्वतीकुंवर यांनी अनेक वर्षे सोसला. पत्नीच्या आठवणीसाठी त्यांनी पुढे १८८१ साली ‘पार्वतीकुंवर आख्यान’ लिहिले, यावरून त्या बाईंनी काय सोसले असेल याची कल्पना यावी. शेवटी प्रायश्चित्त घेऊन ते ज्ञातीत परतले आणि त्याबद्दल सुधारकांचे बोलही त्यांना ऐकावे लागले. ‘सासुवहुनी लढाई’ ही या बहिष्काराच्या वर्षांतली. ज्याच्या घरी जेवायला ज्ञातीतले कोणी येत नाही, त्या माणसाने ज्ञातीच्या स्वयंपाकघरातली भांडणे लिहिली! वाचकाला ती कशी वाटली असतील? आमची अशी समजूत आहे, की बाहेर घातलेल्या माणसाने खिडकीतून आत पाहावे, तसे त्यांना वाटले असावे. पुस्तकात विनोद आहे, लोककथेसारखी सांगण्याची धाटणी आहे, भवाईच्या खेळाचा ठसका आहे. महीपतरामांनी ‘भवाई संग्रह’ही त्याच साली प्रसिद्ध केला, तेव्हा हा ठसका कुठून आला हे उघड आहे. तरी वाचकांनी मान दिला तो नंदशंकरांच्या राजाला.

इथे सुरतेच्याच तिसऱ्या एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. नवलराम लक्ष्मीराम पंड्या, जन्म १८३६, गुजराती समीक्षेचे आद्य पुरुष. १८६७ साली त्यांनी ‘करण घेलो’वर लिहिले आणि तिथपासून गुजराती ग्रंथसमीक्षा सुरू झाली असे मानतात. म्हणजे गुजराती वाचकाचे कादंबरीविषयीचे पहिले जाणते मत छापून आले ते सुरतेच्या माणसाचे, सुरतेच्या माणसाच्या पुस्तकावर, आणि ते इतिहासाच्या कादंबरीवर. घरगुती कादंबरी आदल्याच वर्षाची, हाताशी असलेली. गंमत अशी, की हेच नवलराम समाजातल्या वर्तमान वेडगळपणाचे वैरी. त्याच १८६७ साली त्यांनी मोलिएरच्या प्रहसनावरून ‘भटनुं भोपाळुं’ हे विनोदी नाटक रचले, पुढे ‘बाळलग्न बत्रीशी’ लिहून बालविवाहाची चेष्टा केली. महीपतरामांशी त्यांचे वैर तर नव्हतेच. ‘गुजरात शाळापत्र’ महीपतरामांच्या हातून नवलरामांच्याच हाती आले. तरीही समीक्षेची लेखणी उचलताना पहिले पुस्तक समोर आले ते राजाचे. नाटकात, फटक्यात, कवितेत वर्तमान चालत होते. कादंबरी हा नवा, भारदस्त पाहुणा होता, आणि पाहुण्याला बसवायचे ते दिवाणखान्यात, चुलीपाशी नव्हे, असा तो शिष्टाचार असावा.

महीपतराम स्वतःही पुढे त्याच वाटेने गेले. १८८० साली ‘सधरा जेसंग’, १८८१ साली ‘वनराज चावडो’, दोन्ही सोलंकी आणि चावडा राजांच्या. मराठीत रा. भि. गुंजीकरांनी १८७१ साली ‘विविधज्ञानविस्तारा’तून ‘मोचनगड’ दिला आणि ऐतिहासिक कादंबरीचे दार उघडले. गुंजीकर मोठे लेखक होते, त्यांना आम्ही उणे लेखत नाही. पण दोन्ही भाषांतल्या या वळणाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. १८५७ आणि १८६६ साली जे सुरू झाले होते ते थांबले, आणि त्याला पुन्हा चालायला मराठीत पाव शतकाहून अधिक लागले.

पुन्हा चालवले ते हरिभाऊ आपट्यांनी. १८८५ची ‘मधली स्थिती’, आणि मग ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून आलेली ‘पण लक्षांत कोण घेतो!’. तिच्या नायिकेचे नावही यमुना! नवऱ्यामागे तिच्या केशवपनाचा प्रसंग येतो, आणि आजीपणजीच्या पिढ्यांनी तो डोळे पुसत वाचला. तेहतीस वर्षांपूर्वीच्या यमुनेच्या वाट्याला ज्या घरांतून एक थेंब आला नाही, त्याच घरांतून. काय बदलले होते? कला निश्चितच बदलली होती. हरिभाऊंची यमू स्वतः बोलते, तिच्या वतीने कोणी व्याख्यान देत नाही. पण त्याहून महत्त्वाचे हे, की ती घरातच राहते आणि घरातच मरते. वाचकाला तिच्यासाठी रडता आले, कारण रडण्यापलीकडे ती त्याच्याकडे काही मागत नव्हती. हे आम्ही हरिभाऊंना कमीपणा म्हणून लिहीत नाही, वाचकाविषयी लिहीत आहोत. गुजरातीत गोवर्धनरामांच्या ‘सरस्वतीचंद्र’चे चार भाग १८८७ ते १९०१ या काळात निघाले आणि साऱ्या गुजरातने ते डोक्यावर घेतले. त्यातही विधवा कुमुदचा पुनर्विवाह होत नाही; नायकाचे लग्न तिच्या धाकट्या बहिणीशी, कुसुमशी लागते. आणि महीपतरामांच्या चिरंजीवांनी, रमणभाईंनी, १९०० साली ‘भद्रंभद्र’ काढून सनातनीपणाची जी रेवडी उडवली ती वाचून गुजरात पोट धरून हसला. बापाला जे साधले नाही ते मुलाने हसवून साधले म्हणावे, तर हसू आणि रडू या दोन्ही वाटांनी वर्तमान कादंबरी अखेर घरात शिरली एवढे खरे.

जाणत्यांचे मत पुढे पालटले, पण फार सावकाश. कुसुमावती देशपांड्यांनी १९५३ साली ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ लिहिताना पदमनजींपर्यंत मागे जाऊन पाहिले. भालचंद्र नेमाड्यांनी तर मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची विभागणीच ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन नावांनी केली आणि पहिलीला वास्तवाच्या वाटेची अग्रणी ठरवली. ‘मुक्तामाले’लाच पहिली स्वतंत्र कादंबरी मानणारेही आहेत, आणि प्रचार व कला यांच्या सीमेवरचा तो वाद चालू राहील. असो.

आपणां सुरतकर मराठी मंडळींना या वादात एक वेगळी सोय आहे, जी पुण्यामुंबईच्या वाचकाला सहसा नसते. आपल्यापैकी कोणाचे पूर्वज गायकवाडी चाकरीत नवसारी प्रांतात आले, कोणी रेल्वेबरोबर, कोणी गिरण्यांबरोबर. पण शाळेत गुजराती आणि घरी मराठी हे तीनचार पिढ्यांचे चालत आले आहे. ‘यमुनापर्यटन’ आणि ‘सासुवहुनी लढाई’ ही दोन्ही पुस्तके मुळातून, शेजारी शेजारी ठेवून वाचू शकणारे वाचक फार थोडे, आणि त्यांतले बरेचसे आपल्या शहरात. मंडळाच्या वाचनवर्गात या वर्षी ‘करण घेलो’ऐवजी ही जोडी घ्यावी, अशी आमची सूचना आहे. ज्यांना पदमनजींचे प्रवचन सोसणार नाही त्यांनी महीपतरामांच्या सासूपासून आरंभ करावा.

दादोबांच्या सुरतेतल्या दिवसांविषयी आज आपल्याला जे कळते ते दोन ठिकाणांहून. एक त्यांचे अपुरे आत्मचरित्र, जे अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली संपादून प्रसिद्ध केले आणि जे १८४६च्या सुमारास, सुरत सुटताना, थांबते. दुसरे दुर्गाराम मेहताजींची रोजनिशी, जीत मानवधर्म सभेतल्या वादांची टिपणे होती. ती टिपणे टिकली कारण १८७९ साली एका लेखकाने दुर्गारामांचे चरित्र लिहिले आणि त्यात ती उतरवून घेतली. त्या चरित्राचे कर्ते महीपतराम रूपराम नीलकंठ.